पथ्याला मुदत हवी

आजारी माणसाला भेटायला आपल्याकडे कुणी रिकाम्या हाताने जात नाही. डझनभर केळी, नाहीतर चार मोसंबी बरोबर असतातच. निघताना मात्र पाहुणा आणखी एक गोष्ट मागे ठेवून जातो, ती म्हणजे पथ्य. ‘‘वांगे बंद करा हो.’’ ‘‘दही तर अजिबात नको.’’ ‘‘आमच्या मेव्हण्यांना डाळच बाधली होती.’’ दहा माणसे भेटून गेली की ताटातले दहा पदार्थ कमी होतात. सांगणारा प्रेमानेच सांगतो. पण सांगितलेले पथ्य मागे घ्यायला तो पुन्हा येत नाही आणि ते वर्षानुवर्षे त्या घरात तसेच राहते.

या पथ्यांचा सर्वांत जास्त जाच ज्यांना होतो, अशा रुग्णांविषयी आज लिहितो आहे. ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेने शौचाची वाट काढलेली असते आणि तेथे पिशवी लावावी लागते, असे हे रुग्ण. या वाटेला वैद्यकीय भाषेत ‘स्टोमा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तोंड’. आपल्या तालुक्यात असे रुग्ण नाहीत असे कुणी समजू नये. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग, आतड्याचा क्षय, विषमज्वरात आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याला पडलेला पीळ, अपघात, जन्मतः शौचाची जागा नसलेले बाळ अशी याची कितीतरी कारणे आहेत. रुग्ण दिसत नाहीत, कारण ते सांगत नाहीत. सदरा सैल घालतात, लग्नकार्याला जात नाहीत आणि जेवण निम्म्यावर आणतात.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. ही शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे अन्नाने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान अन्न तोडल्याने होते. पथ्य असावे, पण त्याला मुदत असावी. औषधाच्या पट्टीवर जशी तारीख छापलेली असते, तशी पथ्यावरही असली पाहिजे.

उपाशी राहून पिशवी रिकामी राहत नाही

रुग्ण जेवण का तोडतो? कारण उघड आहे. जेवल्यावर थोड्या वेळाने पिशवी भरू लागते. आपल्या प्रत्येकाच्या आतड्याची ही रीतच आहे. पोटात अन्न पडले की पुढच्या आतड्याला हालचालीची सूचना जाते. तुमच्याआमच्या बाबतीत हे झाकलेले असते, त्याच्या बाबतीत ते डोळ्यांना दिसते. मग तो ठरवतो की खाल्लेच नाही तर काही येणारच नाही.

हा हिशेब चुकीचा आहे. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून दिवसाला सुमारे ७ लिटर पाचकरस आपल्या अन्नमार्गात येतात. त्यांतले बहुतेक पाणी आतडे पुन्हा शोषून घेते. माणूस उपाशी राहिला तरी हे रस येणे पूर्ण थांबत नाही. उलट रिकाम्या पोटी वायू वाढतो आणि पिशवीत येणारा मळ पातळ होतो. पातळ मळ पिशवीच्या चिकटपट्टीखाली शिरतो, पट्टी सुटते, कातडी सोलवटते. म्हणजे ज्या भीतीने जेवण सोडले, तीच गोष्ट ओढवून घेतली.

दुसरे कारण पैशाचे आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पिशव्या महाग असतात. घरात मिळवता हात एक आणि तोच आजारी, तर रुग्ण म्हणतो, कमी खाल्ले तर पिशवी जास्त दिवस पुरेल. पण खालून उघडणारी पिशवी रिकामी करून, धुऊन काही दिवस वापरता येते. ती किती दिवस टिकेल हे मुख्यतः ती पोटाला किती नीट चिकटते यावर अवलंबून असते. आणि माणूस वाळला की पोटाच्या कातडीला घड्या पडतात, पट्टी सपाट बसत नाही, पिशवी गळू लागते. उपाशी राहून पिशव्यांचा खर्च कमी होत नाही, बहुधा वाढतो.

माझ्या पाहण्यातील एक शेतकरी सांगतो. वय पन्नाशीचे. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली, पोटाच्या डाव्या बाजूला कायमची वाट काढली. शस्त्रक्रिया उत्तम झालेली. माझ्याकडे आले ते चौदा महिन्यांनी, अशक्तपणा जात नाही म्हणून. वजन अकरा किलोने उतरलेले. काय जेवता असे विचारले, तर दोन्ही वेळ मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. भाकरी बंद, भाजी बंद, दूध बंद, अंडे बंद. कुणी सांगितले? त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला. त्यावर खाली दोन शब्द होते, ‘हलका आहार’. किती दिवस ते लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांनी ते जन्मभराचे मानले. आजार उरला नव्हता. माणूस पथ्यानेच खंगत चालला होता.

वाट कोठून काढली, हे आधी विचारा

‘पिशवीवाल्या पेशंटने काय खावे?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कारण वाट कोठून काढली यावर सारे अवलंबून असते. प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरातल्या एका तरी माणसाला हे ठाऊक असलेच पाहिजे.

मोठ्या आतड्यातून काढलेली वाट म्हणजे कोलोस्टॉमी. मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी शोषून मळ घट्ट करणे हे आहे. वाट बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातून काढलेली असेल, तर पाणी शोषण्याचे काम जवळजवळ पूर्वीसारखेच चालू राहते. मळ बांधून येतो. असा माणूस जखम भरल्यावर जवळपास सर्व काही खाऊ शकतो. त्याला त्रास होतो तो बहुतेक वेळा बद्धकोष्ठाचा, आणि त्यावर उपाय पाणी, भाजी, फळे आणि आपली ज्वारीची भाकरी हाच. म्हणजे जे त्याच्या ताटातून काढून घेतले जाते, नेमके त्याचीच त्याला गरज असते.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून काढलेली वाट म्हणजे इलिऑस्टॉमी. ही बहुधा उजव्या बाजूला असते. येथे अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे मोठे आतडे रोज जे लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ वाचवत होते, ते पिशवीतून बाहेर जाते. घडी बसल्यावर साधारणपणे दिवसाला ५०० ते ८०० मिलिलिटर, पेजेसारखा दाट-पातळ मळ येतो. या रुग्णाने मीठ आणि पाणी याबाबत जागरूक राहावे लागते, आणि चोथा असलेले पदार्थ जपून खावे लागतात.

तिसरा प्रकार लघवीची वाट पोटावर काढलेल्यांचा. त्यांना अन्नाचे बंधन जवळजवळ नाहीच. त्यांनी भरपूर पाणी प्यावे.

आता पाहा, कोलोस्टॉमीच्या माणसाने इलिऑस्टॉमीचे पथ्य पाळले तर त्याला बद्धकोष्ठ होणार. आणि इलिऑस्टॉमीच्या माणसाने शेजाऱ्याचे ऐकून ‘पोट साफ’ होण्यासाठी जुलाब घेतला तर त्याला सलाईन लावावे लागणार. इलिऑस्टॉमीच्या रुग्णाने जुलाबाचे औषध घेऊ नये. इसबगोलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पहिले सहा ते आठ आठवडे

पथ्याचा खरा काळ हाच. शस्त्रक्रियेनंतर आतडे सुजलेले असते, वाट अरुंद असते. या काळात मऊ, कमी चोथ्याचे, पण कसदार अन्न हवे. ‘हलका’ याचा अर्थ ‘निकस’ असा नव्हे. मऊ भात व वरण, मुगाची खिचडी आणि तीवर तूप, भाकरीचा मऊ पापुद्रा वरणात कुस्करून, रव्याची लापशी, उकडलेला बटाटा, साल व बिया काढलेला दुधी भोपळा, उकडलेले अंडे, ताजे दही, पनीर, खाणाऱ्यांसाठी मऊ शिजवलेली मासळी किंवा कोंबडी, पिकलेले केळे, शिजवलेले सफरचंद. म्हणजे पाहुण्यांनी आणलेली केळी कामाला येतात. बरोबर आलेला उपदेश तेवढा बाजूला ठेवावा.

जखम भरायला प्रथिने लागतात. कर्करोगाच्या रुग्णाला पुढे केमोथेरपी असते. तिला तोंड देण्यासाठी शरीरात ताकद हवी. ज्यांची वाट तात्पुरती आहे आणि काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून बंद करायची आहे, त्यांनी तर अशक्त राहून चालणारच नाही. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. सावकाश, बारीक चावून खावे. दात नसतील तर कवळी आधी नीट करून घ्यावी. हा सल्ला क्षुल्लक वाटतो, पण फार उपयोगी आहे. रात्रीचे जेवण लवकर उरकले तर रात्री पिशवी रिकामी करण्यासाठी उठावे लागत नाही.

मग एकेक पदार्थ परत आणा

सहा-आठ आठवडे झाले, शल्यचिकित्सकांनी पाहून ठीक आहे म्हटले, की बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणावेत. एका वेळी एकच नवा पदार्थ, थोड्या प्रमाणात. दोन-तीन दिवस पाहावे. बाधला नाही तर तो ताटात कायम. बाधला तर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा पाहावे. पहिल्यांदा बाधलेला पदार्थ पुढे निमूटपणे पचतो, असे बरेचदा होते. एक साधी वही ठेवावी आणि त्यात काय खाल्ले, काय झाले हे लिहावे. दुसऱ्याच्या मेव्हण्याला काय बाधले यापेक्षा या वहीवर अधिक विश्वास ठेवावा.

मळ फार पातळ होत असेल तर भात, घट्ट पेज, साबुदाणा, उकडलेला बटाटा, केळे, दही यांनी तो थोडा आळतो. वायूचा त्रास होत असेल तर मटकीची व हरभऱ्याची उसळ, कोबी, फ्लॉवर, कांदा, सोड्याच्या बाटल्या यांवर नजर ठेवावी. घाईघाईने, बोलत बोलत जेवल्यानेही हवा पोटात जाते. वासाची चिंता असेल तर अंडी, मासळी, लसूण, कांदा बेताने घ्यावेत. ताक-दह्याने काहींना बरे वाटते. चांगली पिशवी नीट बसलेली असेल तर ती रिकामी करतानाच वास येतो, एरवी येत नाही. बीट खाल्ल्यावर पिशवीत लाल रंग दिसला, पालक खाल्ल्यावर हिरवा किंवा लोहाच्या गोळ्यांनी काळा दिसला, तर घाबरू नये. मात्र असे काही खाल्लेले नसताना रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ दिसला तर लगेच दाखवावे.

इलिऑस्टॉमीच्या रुग्णांसाठी एक यादी जरा जपूनच हाताळायची आहे. ओला नारळ, मक्याचे कणीस व लाह्या, अख्खे शेंगदाणे, हुरडा, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, फणस, संत्र्या-मोसंबीच्या फोडींवरची साल, कच्ची काकडी-गाजर सालीसकट, सुका मेवा, अळंबी, ऊस. या पदार्थांचा चोथा एकत्र गोळा होऊन वाट अडू शकते. ‘कधीच नको’ असे मी म्हणणार नाही. शेंगदाणे अख्खे न खाता कूट करून भाजीत घालावेत, शेंगांची चटणी बारीक वाटून थोडी घ्यावी, मोसंबीचा रस घ्यावा, शेवग्याचा गर खाऊन चोथा टाकावा. आपल्या स्वयंपाकघरात पाटा-वरवंटा आणि मिक्सर आहेत ते यासाठीच.

पिशवीत काही तास काहीच आले नाही किंवा नुसते पाणी येऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या, पोट फुगले, स्टोमा सुजला, उलटी झाली तर वाट अडली असे समजून खाणे थांबवावे आणि तडक रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

मीठ आणि पाणी

आपल्या भागात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. इलिऑस्टॉमी असलेली एक बाई अशाच उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्याने माझ्याकडे आणली गेली. पायांत गोळे, तोंडाला कोरड, सकाळपासून लघवी नाही. म्हणाली, ‘‘डॉक्टर, पाणी प्यायले की पिशवी लगेच भरते, म्हणून पाणीच कमी केले.’’ घरच्यांनी रक्तदाबाच्या भीतीने मीठही तोडले होते. रक्तदाब तपासला तर तो खाली गेलेला. सलाईन दिल्यावर दोन तासांत बाई बोलू लागली.

या रुग्णांचे मीठ पिशवीतून जात असते. ते तोंडाने परत द्यावेच लागते. ताकात मीठ, पेजेत मीठ, जेवणात पापड-लोणचे हे त्यांच्यासाठी चैनीचे नव्हे, गरजेचे आहे. ज्यांना रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पण स्वतःच्या मनाने ते शून्यावर आणू नये. पाणी, ताक, सूप असे सर्व मिळून दिवसाला दोन ते अडीच लिटर पोटात जावे, उन्हाळ्यात आणखी थोडे. सतत पाणी कमी पडले तर या रुग्णांना मूतखडेही होतात.

येथे एक गोष्ट उलटी वाटेल. पिशवीत येणारा मळ फार पातळ आणि दिवसाला दीड लिटरहून जास्त येत असेल, तर तहान लागते म्हणून नुसते साधे पाणी पीत राहिल्याने हानी वाढते. नुसते पाणी लहान आतड्यातून शरीरातले मीठ ओढून बाहेर नेते. चहा आणि गोड सरबताचेही तेच. अशा वेळी ओआरएस हवे. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र आले की आतड्याच्या भिंतीतून साखर मिठाला बरोबर घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. याची मोठी कसोटी आपल्याच देशात लागली. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलेले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेची पाकिटे करून पाण्यातून रुग्णांना पाजली आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. २०२२ मध्ये ते वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

औषधाच्या दुकानात पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे ना ते पाहावे. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसच्या नावाखाली विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव लावण्यास मनाई केली. पाकीट एक लिटरचे असेल तर एक लिटर पाण्यातच मिसळावे. ग्लासात अर्धे-अर्धे टाकून अंदाजाने करू नये. पाकीट मिळाले नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे वेळ मारून नेण्यापुरते चालेल. घोट घोट घ्यावे. एक दिवसात उतार पडला नाही, लघवी कमी व गडद झाली, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली तर डॉक्टरकडे जावे. मळ मोजण्यासाठी एक वेगळे खुणा केलेले प्लॅस्टिकचे भांडे ठेवावे. ‘‘खूप जाते’’ यापेक्षा ‘‘काल अठराशे मिलिलिटर गेले’’ हे वाक्य डॉक्टरला फार उपयोगी पडते.

उपास आणि औषधे

एकादशीचा उपास करू का, रोजा धरू का, असे रुग्ण विचारतात. कोलोस्टॉमीच्या, तब्येत सुधारलेल्या माणसाने पाणी पीत पीत एक दिवसाचा उपास केला तर सहसा काही बिघडत नाही. इलिऑस्टॉमीच्या रुग्णाने निर्जळी उपास करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याशिवाय दिवसभर राहणे त्याच्या मूत्रपिंडांना झेपणारे नाही. आजारी माणसाला सूट सर्वच धर्मांनी दिलेली आहे, ती घ्यावी. आषाढीच्या वारीत चालणाऱ्यांनी ओआरएसची पाकिटे बरोबर ठेवावीत.

औषधांबद्दल एक सूचना. आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या इलिऑस्टॉमीच्या पिशवीत अख्ख्या पडलेल्या दिसतात. म्हणजे औषध लागूच पडलेले नसते. असे दिसले तर डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढून टाकलेला असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नातून शोषले जात नाही. त्याची तपासणी आणि गरजेप्रमाणे इंजेक्शने घ्यावीत. आणि बाळाला स्टोमा असेल तर आईचे दूध चालूच ठेवावे. बाळाचे वजन मात्र नियमित करावे.

ताट वेगळे करू नका

आतापर्यंत काय खावे ते सांगितले. कोणाबरोबर खावे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. काही घरांत या माणसाचे ताट-वाटी वेगळी असते, बसायची जागा वेगळी असते. बाई असेल तर तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसवतात. कारण काय, तर ‘विटाळ’. वाचकहो, तुमच्याआमच्या पोटातही तेच आहे. त्याची वाट बदलली, वस्तू बदलली नाही. त्याने शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, तुम्हीही धुवावेत. याहून वेगळा नियम नाही. वेगळ्या ताटात एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो, आणि त्याचे वजन का वाढत नाही म्हणून घरचे टॉनिक विचारायला येतात.

आज जी चिकटणारी पिशवी आपण पाहतो, तिच्या जन्माची हकीकत याच जातीची आहे. १९५४ साली डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन या परिचारिकेची बहीण अशी शस्त्रक्रिया झाल्यावर पिशवी गळेल या भीतीने घराबाहेर पडेना. तिने चार माणसांत जावे म्हणून एलिसेने पोटाला चिकटणारी पिशवी कल्पिली. मग तीच पिशवी लावून माणसाने घरात कोंडून बसावे, हे कसे चालेल? लग्नाला जायचे असेल तर पिशवी आधी रिकामी करावी, एक जादा पिशवी व रुमाल बरोबर घ्यावा, आणि पंगतीत बसून जेवावे. जिलबीचा एक वेढा खाल्ला म्हणून काही होत नाही. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. एसटीच्या प्रवासाआधी उपाशी राहू नये. दोन तास आधी थोडे घट्ट खाऊन निघावे.

कागदावर काय लिहिलेले असावे

काही जण विचारतील, जरा जास्त पथ्य पाळले तर बिघडले कुठे? सावधपणा बरा. बिघडते ते असे की सावधपणाची किंमत रुग्ण आपल्या वजनाने, ताकदीने आणि आनंदाने मोजतो, आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही. पहिल्या दोन महिन्यांचा सावधपणा उपयोगी आहे. दोन वर्षांचा सावधपणा हाच एक आजार आहे.

आमच्या व्यवसायाकडूनही येथे अपेक्षा आहे. एवढी मोठी शस्त्रक्रिया कौशल्याने करायची आणि जन्मभराच्या जेवणाची सूचना दोन शब्दांत उरकायची, हे योग्य नाही. रुग्णाला घरी सोडताना दिलेल्या कागदावर मराठीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वाट कोणत्या आतड्यातून काढली आहे, कोणते पथ्य कोणत्या तारखेपर्यंत, रोज किती आणि काय प्यायचे, कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे. चार ओळींचे काम आहे. त्या लिहून दिल्या नसतील तर रुग्णाच्या नातेवाइकांनी संकोच न करता मागाव्यात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी स्टोमाची निगा शिकवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका असतात. ज्यांची शस्त्रक्रिया अशा ठिकाणी झाली आहे त्यांनी घरी येण्यापूर्वी त्यांच्याकडून पिशवीबरोबर जेवणाचेही सारे विचारून, लिहून घ्यावे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करावे. त्याला काय काय खायला बंद आहे त्याची यादी करावी. प्रत्येक पदार्थापुढे ते कुणी बंद केले आणि केव्हा बंद केले हे लिहावे. डॉक्टरांनी कारण सांगून बंद केलेले पदार्थ तसेच राहू द्यावेत. बाकीची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि विचारावे, यातले आता काय सुरू करू? बरीचशी यादी तेथेच खोडली जाईल, असा माझा अंदाज आहे.